तुम्ही विचारलंत म्हणून: बिघाड डीएनएमध्ये, मग तुम्ही आरएनएच्या मागे का?

"ल्युकेमिया म्हणजे शेवटी डीएनएमधला बिघाड ना, मग ते बिघडलेलं जीन दुरुस्त करायचं सोडून तुम्ही लोक आरएनएच्या मागे का लागलाय?"

हा प्रश्न मला कायम येतो. कॉलेजात ऑनलाइन बोलायला बोलावतात तेव्हा एमएस्सीची मुलं विचारतात, बार्शीला घरी गेले की काकांच्या ओळखीतले विचारतात, आणि ज्यांच्या घरात कुणाला एएमएल (अक्युट मायलॉइड ल्युकेमिया, रक्ताच्या कॅन्सरचा एक प्रकार) निघालाय ते लोक रात्री उशिरा मेसेज टाकून विचारतात. मी अमेरिकेत एका लॅबमध्ये काम करते, रक्ताच्या स्टेम सेल आणि ल्युकेमिया यांच्यात आरएनएचा कारभार कसा चालतो हा माझा विषय. पेशंट तपासणारी डॉक्टर मी नाही, पीएचडीवाली आहे, त्यामुळे कुणी काय ट्रीटमेंट घ्यावी हे सांगणं माझं काम नाही, पण हा प्रश्न अगदी योग्य आहे आणि त्याचं उत्तर व्हॉट्सअ‍ॅपवर चार ओळीत बसत नाही म्हणून इथे नीट लिहिते.

आधी रक्ताचं बघू. आपल्या शरीरात रोज साधारण २० हजार कोटी नव्या लाल पेशी तयार होतात, रोज. लाल पेशी १२० दिवस जगते, प्लेटलेट आठ-दहा दिवस, न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) तर जेमतेम दिवसभर, म्हणजे हा सगळा माल सतत नवीन बनत राहावा लागतो आणि तो बनतो हाडांच्या आत बोन मॅरोमध्ये, मोजक्या स्टेम सेल्सपासून. किती मोजक्या? २०१८ मध्ये एका ५९ वर्षांच्या निरोगी माणसाच्या पेशींमधल्या बारीकबारीक म्युटेशन्सवरून, म्हणजे डीएनएमध्ये झालेल्या बदलांवरून, हिशोब काढला गेला तेव्हा रक्त बनवण्यात भाग घेणाऱ्या स्टेम सेल्सचा अंदाज निघाला ५० हजार ते दोन लाख. वीस हजार कोटींपुढे हा आकडा ठेवून बघा. अशा पेशी असतात हे सिद्ध करायला सुरुवात झाली १९६१ मध्ये टोरांटोत, टिल आणि मॅक्युलक या दोघांनी रेडिएशन दिलेल्या उंदरांना बोन मॅरोच्या पेशी टोचल्या आणि त्यांच्या प्लीहेवर गाठी आल्या, एकेक गाठ एकेका पेशीपासून वाढलेली.

आता यातली एक स्टेम सेल घ्या. ती विभागली की तिच्यापुढे प्रश्न असतो, आहे तशीच स्टेम सेल राहायचं की पुढे जाऊन लाल पेशी, पांढरी पेशी, प्लेटलेट असं काहीतरी व्हायचं. सगळ्याच पुढे गेल्या तर साठा संपला, कुणीच गेली नाही तर रक्त नाही. आणि हा निर्णय घेताना डीएनए बदलत नाही! स्टेम सेलमध्ये जो डीएनए तोच न्यूट्रोफिलमध्ये (लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी थोडा अपवाद, त्या अँटिबॉडीच्या जीन्सची कापाकापी करतात, ते सोडून देऊ). मग फरक कुठून येतो?

हे सांगायला मी नेहमी तलाठ्याकडचं दप्तर आणि सातबाराचा उतारा हेच उदाहरण घेते. मूळ दप्तर ऑफिसातून हलत नाही, बाहेर फिरतो तो उतारा, आणि कर्ज मिळणं असो की खरेदीखत, काम होतं ते उताऱ्यावर. कुणाचा उतारा काढला, किती प्रती काढल्या, त्यावर शिक्का आहे का, तो किती दिवस चालतो, आणि समोरचा माणूस तो वाचून काम करतो की ड्रॉवरमध्ये टाकून देतो, यावर सगळं ठरतं. डीएनए हे दप्तर, मेसेंजर आरएनए हा उतारा. आमचं काम उतारा निघाल्यानंतर त्याचं पुढे काय होतं हे बघण्याचं.

आणि पुढे बरंच काही होतं. नवा आरएनए आधी कापून जोडावा लागतो, त्याला स्प्लायसिंग म्हणतात, मधले नको असलेले भाग काढून कामाचे तुकडे सांधले जातात. मग त्याच्यावर केमिकल खुणा होतात. मग वेगवेगळी प्रोटीनं येऊन त्याला चिकटतात, काही त्याला जपतात, काही त्याची विल्हेवाट लावतात, काही सांगतात की आत्ता याच्यापासून प्रोटीन बनवू नका. स्टेम सेल्समध्ये तर हे जास्तच दिसतं. २०१४ मध्ये टेक्सासमधल्या शॉन मॉरिसन यांच्या लॅबने दाखवलं की रक्ताच्या स्टेम सेल्स बोन मॅरोतल्या बाकीच्या पेशींपेक्षा खूप हळू प्रोटीन बनवतात, आणि तो वेग वाढवला किंवा अजून कमी केला तरी त्या नीट चालत नाहीत. म्हणजे मेसेज हजर आहे एवढ्यावरून पेशी काय करणार ते कळत नाही. माझ्या मते आमच्या क्षेत्रात बराच काळ लोकांनी कुठलं जीन चालू आणि कुठलं बंद एवढंच मोजलं आणि हा मधला सगळा टप्पा गृहीत धरला, आता ते बदलतंय ही चांगली गोष्ट आहे.

आता ल्युकेमिया. मी एएमएलबद्दलच बोलते कारण आमचं काम त्यातलं. रिपोर्टमध्ये तुम्ही "ब्लास्ट" हा शब्द बघितला असेल, ब्लास्ट म्हणजे अर्धवट राहिलेल्या पेशी, ज्या स्टेम सेलपासून पुढे निघाल्या पण पूर्ण पांढरी पेशी काही झाल्या नाहीत, मध्येच अडकल्या आणि तिथेच विभागत बसल्या. मॅरोमध्ये साधारण २० टक्के किंवा जास्त ब्लास्ट दिसले की एएमएल म्हणतात (काही ठरावीक म्युटेशन असेल तर त्याच्या आधीही). या गर्दीत निरोगी रक्त बनायला जागा राहत नाही, म्हणून प्लेटलेट पडतात, हिमोग्लोबिन उतरतं, ताप हटत नाही. पेशी भराभर वाढतात म्हणून कॅन्सर एवढंच नसतं हे, पेशी मोठी व्हायची थांबते हा त्यातला अर्धा भाग आहे आणि मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो.

मग जीनच का दुरुस्त करत नाही? बिघाड डीएनएमध्ये आहे हे तुमचं म्हणणं बरोबरच आहे. २०१३ मध्ये २०० एएमएल पेशंटचा अभ्यास छापून आला त्यात एकेका पेशंटमध्ये जीन्समधली सरासरी १३ म्युटेशन्स निघाली, आणि प्रत्येकाचा संच वेगळा. जीन एडिटिंगने सिकलसेल बरा करता येतो असं तुम्ही वाचलं असेल, २०२३ च्या शेवटी ब्रिटन आणि अमेरिकेत त्या ट्रीटमेंटला मान्यता मिळाली आणि विदर्भात, नंदुरबारकडे सिकलसेल किती आहे ते बघता त्याची बातमी आपल्याकडेही बरीच झाली. पण तिथे पेशंटच्या स्टेम सेल्स बाहेर काढतात, बदलतात आणि परत घालतात, आणि काही थोड्या न बदललेल्या राहिल्या तरी चालून जातं कारण चांगल्या पेशींपासून पुरेसं रक्त बनतं. ल्युकेमियात उलटं आहे, तुम्ही ९९ टक्के पेशींमधलं जीन दुरुस्त केलंत आणि एक टक्का राहिल्या तर तो एक टक्का पुन्हा सगळं भरून काढतो. त्यातही सगळ्या ल्युकेमिया पेशी सारख्या नसतात. १९९४ मध्ये टोरांटोतच जॉन डिक यांच्या लॅबने एएमएल पेशंटच्या पेशी उंदरात घालून बघितल्या तर उंदरात ल्युकेमिया सुरू करू शकणारी पेशी साधारण अडीच लाखात एक निघाली. किमोने बाकीच्या मेल्या आणि ही वाचली की काही महिन्यांनी आजार परत. ही प्रत्येक पेशी शोधून तिच्यातली म्युटेशन्स एकेक करून दुरुस्त करणं आजच्या घडीला कुणालाच शक्य नाही.

जाता जाता, त्या सिकलसेलच्या ट्रीटमेंटमध्येसुद्धा सिकलचं जीन दुरुस्त करतच नाहीत! दुसऱ्याच एका जीनचं नियंत्रण कापतात, त्यामुळे गर्भात असताना असतं ते हिमोग्लोबिन पुन्हा बनायला लागतं. मूळ चूक तशीच राहते, कारभार बदलतो आणि पेशंट बरा होतो. हे मी प्रत्येक विद्यार्थ्याला सांगते.

आणि अडकलेली पेशी पुढे ढकलता येते हे आम्ही नुसतं म्हणत नाही, ते झालेलं आहे. एएमएलचा एक प्रकार आहे एपीएल, पूर्वी त्यात पेशंट रक्तस्राव होऊन काही दिवसांत दगावायचे. १९८५ मध्ये शांघायमध्ये डॉ. वांग झेन्यी यांनी एपीएल झालेल्या पाच वर्षांच्या मुलीला व्हिटॅमिन ए पासून बनणारं एक औषध दिलं, ते पेशी मारत नाही, अडकलेल्या ब्लास्टना पूर्ण पांढऱ्या पेशी व्हायला लावतं, आणि ती मुलगी बरी झाली. पुढे त्याला चीनमधूनच आलेल्या आर्सेनिकची जोड मिळाली आणि आज कमी जोखमीच्या एपीएलमध्ये नेहमीची किमो न देता ९० टक्क्यांहून जास्त पेशंट बरे होतात. एएमएलमधला सगळ्यात भयंकर समजला जाणारा प्रकार सगळ्यात बरा होणारा झाला! पण एपीएल हा एएमएलचा छोटासा भाग आहे, बाकीच्यांमध्ये हे औषध चालत नाही. मग बाकीच्यांमध्ये पेशी कशामुळे अडकलेली राहते आणि तिला पुढे कसं न्यायचं, इथून आरएनएची गोष्ट सुरू होते.

पेशंटगणिक म्युटेशन्स वेगळी असली तरी त्या सगळ्या पेशी अडकून राहण्यासाठी काही ठरावीक यंत्रणांवर टेकलेल्या असतात आणि त्यातल्या काही आरएनए सांभाळणाऱ्या आहेत. एक प्रोटीन आहे मुसाशी. १९९४ मध्ये फळमाशीत सापडलं, ते बिघडलं की माशीच्या अंगावर एका जागी एका केसाऐवजी दोन केस उगवायचे, म्हणून दोन तलवारी घेऊन लढणाऱ्या जपानी योद्ध्याचं नाव त्याला दिलं. हे प्रोटीन आरएनएला चिकटतं आणि त्या मेसेजचं प्रोटीन किती बनायचं ते ठरवतं. माणसात त्याची दोन रूपं आहेत, रक्तात काम करतं ते मुसाशी टू. २०१० मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी, एक बॉस्टनमधला ज्यात मायकल खारास होते आणि दुसरा तनिष्ठा रेया यांचा, साधारण एकाच वेळी दाखवलं की ल्युकेमिया जितका आक्रमक तितकं मुसाशी टू जास्त, आणि ते कमी केलं तर ल्युकेमियाच्या पेशींची वाढ खुंटते. एएमएलमध्ये ज्या पेशंटचं मुसाशी टू जास्त त्यांचं पुढचं आयुष्य कमी असंही दिसलं. गंमत म्हणजे ल्युकेमियात मुसाशीच्या जीनमध्ये स्वतःमध्ये बहुतेक वेळा काही बिघाड नसतो! डीएनए तपासत बसलात तर हे प्रोटीन तुम्हाला दिसणारच नाही.

दुसरी गोष्ट त्या शिक्क्याची. आरएनएमधल्या ए या अक्षरावर एक छोटी मिथाइलची खूण होते, आम्ही तिला एम सिक्स ए म्हणतो. ही खूण असते हे १९७४ पासून माहीत होतं पण ती कुठे कुठे आहे हे मोजायची सोय २०१२ मध्ये आली, तोवर हा विषय कोपऱ्यात पडून होता. खूण करणारं प्रोटीन म्हणजे मेटल थ्री. २०१७ मध्ये परत दोन गट, न्यूयॉर्कमध्ये खारास आणि सॅम्यी जॅफ्री यांचे आणि केंब्रिजमध्ये टोनी कूझराइड्स यांचा, दोघांनी सांगितलं की एएमएलच्या पेशींना मेटल थ्री लागतंच. ते कमी केलं की त्या पुढे जायला लागतात, म्हणजे मोठ्या व्हायला लागतात, आणि मग मरतात. कारण मिक आणि बीसीएल टू सारखी जी प्रोटीनं ब्लास्टला जिवंत आणि लहान ठेवतात त्यांच्या मेसेजवर ही खूण असते आणि खुणेमुळे त्यांचं प्रोटीन जास्त बनतं. २०२१ मध्ये केंब्रिजच्या लोकांनी मेटल थ्रीला अडवणारं एक औषधासारखं रसायन उंदरांत वापरून दाखवलं, उंदीर जास्त जगले. त्याच घराण्यातलं पुढचं औषध २०२२ च्या शेवटी माणसांवरच्या पहिल्या टप्प्याच्या चाचणीत गेलं, पण ती चाचणी गाठींच्या कॅन्सरसाठी होती.

इथपर्यंत ऐकलं की लोक विचारतात, मग अडलंय कुठे? अडलंय ते इथे, की मुसाशी काय आणि मेटल थ्री काय, निरोगी स्टेम सेललाही लागतात. उंदराच्या बोन मॅरोतून मेटल थ्री पूर्ण काढून टाकलं तर निरोगी स्टेम सेल्स साचतात आणि त्यांच्यापासून पुढे रक्त नीट बनत नाही. मुसाशी टू काढलं तर स्टेम सेल्सचा साठा कमी होतो. म्हणजे एक लक्षात घ्या, ल्युकेमियाच्या पेशीने नवीन काही शोधलेलं नाही, निरोगी स्टेम सेलची जी यंत्रणा तीच ती वापरते, जास्त प्रमाणात आणि थांबायची वेळ आली तरी न थांबता. ज्यांना कार-टी (पेशंटच्याच टी पेशी बदलून कॅन्सरच्या पेशींवर सोडायची ट्रीटमेंट) माहितीय त्यांच्यासाठी सांगते, आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलमधून आलेली नेक्सकार नाइन्टीन ही कार-टी २०२३ मध्ये आपल्याकडे मंजूर झाली, फार मोठं काम आहे ते, पण ती बी पेशींच्या (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) ल्युकेमिया-लिम्फोमासाठी आहे. तिथे आजारी बी पेशींबरोबर निरोगी बी पेशी गेल्या तरी माणूस जगतो. एएमएलमध्ये ब्लास्टच्या पृष्ठभागावरची जी खूण बघून मारायचं तीच खूण बहुतेक वेळा निरोगी स्टेम सेलवर किंवा तिच्या लगेच पुढच्या पेशीवर असते, आणि त्या गेल्या तर माणूस जगत नाही.

त्यामुळे आमच्या लॅबमध्ये "ल्युकेमियाला काय लागतं" हा प्रश्न अर्धाच समजला जातो. पूर्ण प्रश्न असा, की तेच प्रोटीन निरोगी स्टेम सेलमध्ये कुठले मेसेज धरतं आणि ल्युकेमियाच्या स्टेम सेलमध्ये कुठले. हे मोजणं फार अवघड होतं कारण प्रोटीन कुठल्या आरएनएला चिकटलंय हे बघायच्या जुन्या पद्धतींना कोट्यवधी पेशी लागायच्या आणि उंदराच्या मॅरोतून शुद्ध स्टेम सेल्स मिळतात काही हजार. वाट मिळाली ती फळमाश्यांवर काम करणाऱ्यांकडून. मायकल रोसबाश, ज्यांना शरीरातल्या घड्याळाच्या शोधासाठी २०१७ चं नोबेल मिळालं, त्यांच्या लॅबने २०१६ मध्ये एक युक्ती काढली: तुमच्या प्रोटीनला एक असं एन्झाइम जोडा जे आरएनएमधलं अक्षर बदलतं, म्हणजे प्रोटीन जिथे जिथे चिकटेल तिथे तिथे जवळ एक बदललेलं अक्षर मागे राहील, मग नुसता आरएनए वाचून कळेल प्रोटीन कुठे कुठे जाऊन आलंय. पेशी थोड्या असल्या तरी चालतं! खारास यांच्या न्यूयॉर्कच्या गटाने हेच मुसाशी टूवर वापरलं आणि २०२० मध्ये दाखवलं की ल्युकेमियाच्या स्टेम सेलमध्ये मुसाशी जास्त मेसेज धरतं, निरोगी स्टेम सेलमध्ये ज्यांना ते हातही लावत नाही असे काही मेसेज त्यात आहेत. ते वाचलं तेव्हा मला खरंच खूप बरं वाटलं होतं, कारण फरक आहे, तो मोजता येतो, आणि फरक आहे म्हणजे निरोगी पेशी वाचवून ल्युकेमियाच्या पेशीला गाठायची शक्यता आहे. माझं सध्याचं सगळं काम याच धाग्यावर चाललंय. काही फरक उंदरात दिसतात आणि पेशंटच्या सॅम्पलमध्ये टिकत नाहीत, त्यात वेळ जातो, पण पेशंटच्या सॅम्पलमध्ये न टिकलेली गोष्ट पुढे नेऊ नये या मताची मी आहे, उंदरातल्या सुंदर आकृत्यांवर आमच्या क्षेत्राने जरा जास्तच विश्वास ठेवलाय.

"मग औषध कधी?" हेही विचारता तुम्ही. मुसाशीसाठी पेशंटला देता येईल असं औषध आज नाही, मेटल थ्रीचं सुरुवातीच्या चाचण्यांमध्ये आहे. ज्यांच्या घरात आत्ता पेशंट आहे त्यांना मी याची वाट बघा असं कधीच सांगत नाही, जी ट्रीटमेंट आज आहे ती वेळेवर सुरू होणं हेच महत्त्वाचं.

पण आरएनएचा एक भाग तुमच्या हातातल्या रिपोर्टमध्ये आजच असू शकतो. वर स्प्लायसिंग म्हटलं ना, २०११ मध्ये जपानमधल्या सेइशी ओगावा यांच्या गटाने दाखवलं की एमडीएसच्या, म्हणजे एएमएलच्या आधीची पायरी ठरू शकणाऱ्या आजाराच्या, निम्म्याच्या आसपास पेशंटमध्ये आरएनए कापून जोडणाऱ्या यंत्रणेच्या जीन्समध्येच म्युटेशन असतं. म्हणजे इथे दप्तरात चूक आहे ती उतारे काढणाऱ्याच्याच पानावर. एनजीएस (एकदम बऱ्याच जीन्सची तपासणी) रिपोर्टमध्ये एसएफ थ्री बी वन, एसआरएसएफ टू, यू टू एएफ वन, झेडआरएसआर टू ही नावं दिसली तर ती हीच. एमडीएसमध्ये एसएफ थ्री बी वन एकटं असेल तर सहसा ते बऱ्यातलं समजतात आणि हिमोग्लोबिन वाढवायला त्यासाठी लुसपॅटरसेप्ट नावाचं औषधही आहे. एएमएलमध्ये मात्र तेच नाव आलं तर अर्थ उलटा, २०२२ च्या युरोपियन वर्गवारीत ही चारही जीन्स जास्त जोखमीच्या गटात आहेत, सोबत चांगल्या गटातलं काही नसेल तर. जास्त जोखीम म्हणजे रेमिशन आल्यावर, म्हणजे ट्रीटमेंटने आजार आटोक्यात आल्यावर, बोन मॅरो ट्रान्सप्लांटचा विचार करायचा का हा प्रश्न लवकर येतो, वय, तब्येत आणि बाकीचे रिपोर्ट बघून ते तुमचे हिमॅटॉलॉजिस्ट (रक्ताच्या आजारांचे डॉक्टर) ठरवतील. तेव्हा यातलं कुठलं नाव रिपोर्टमध्ये असेल तर पुढच्या व्हिजिटला एवढं नक्की विचारा, की आमचा पेशंट कुठल्या गटात बसतो, आणि भावंडांची एचएलए टेस्ट (ट्रान्सप्लांटसाठी कुणाशी जुळतं ते बघणारी) आत्ताच करून ठेवायची का.